फ्रँचायजी की स्वतःचं दुकान? नवराबायकोनं मिळून फर्निशिंगचा धंदा करायचा असेल तर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गाळा बघून ठेवलाय, पडदे-बेडशीटचाच धंदा करायचा हे ठरलंय, दोघांनी मिळून दुकानात बसायचं यावर घरात एकमत आहे. गाडी अडते ती पाटीवर. पाटी कंपनीची लावायची की स्वतःच्या नावाची? आमच्या ओळखीतली काही जोडपी सध्या इथंच अडकली आहेत. आम्ही दोन्ही करून बघितलं. आधी स्वतःच्या नावाचं दुकान होतं, आता एका कंपनीची फ्रँचायजी चालवतो. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहितोय.

स्वतःच्या दुकानाची बाजू आधी मांडतो, कारण कोल्हापुरात ती खरंच भक्कम आहे. गांधीनगरची होलसेल पेठ इतकी जवळ आहे की सकाळी टेंपो घेऊन गेलं तर दुपारी माल रॅकवर लागतो. एखादं डिझाइन चाललं की दुसऱ्या दिवशी त्याचेच आणखी ताके आणता येतात. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल, पानिपतची ब्लँकेटं, करूरचे किचन नॅपकिन, सुरतेचं पडद्याचं कापड, सगळं एका छताखाली ठेवायची मुभा असते. कंपनीच्या दुकानात ही मुभा नाही. गिऱ्हाइकानं सोलापुरी चादर मागितली तर समोरच्या दुकानाकडे बोट दाखवावं लागतं, आणि ते मला आजही जड जातं.

नफ्याचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण दोन्हीकडची टक्केवारी वेगवेगळ्या आकड्यावर मोजतात. गांधीनगरच्या मालावर आपण नफा खरेदीवर धरतो. कंपनी तो छापील किमतीवर सांगते. उदाहरणादाखल, कंपनीनं ३० टक्के देऊ केले आणि चादर १००० ची असेल तर आपली खरेदी ७०० ला पडते, म्हणजे खरेदीवर जवळजवळ ४३ टक्के. ऐकून बरं वाटतं. पण छापील किमतीत जीएसटी धरलेला असतो. ५ टक्क्यांच्या मालात १००० मधले साधारण ४८ रुपये कराचे. मग ते ३० टक्के १००० वर की ९५२ वर? एका चादरीवर चौदा रुपयांचा फरक पडतो, आणि दिवाळीत चादरी ढिगानं विकल्या जातात. ही ओळ करारात शोधा, आणि सापडली नाही तर लिहून घ्या.

कराचाच आणखी एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार नगावर २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. कंपन्यांचे भारी कम्फर्टर, मोठे बेडसेट या रेषेच्या वर जातात. मीटरनं विकलेल्या पडद्याच्या कापडाला ५ टक्केच. त्यामुळं महागड्या मालात स्वतःचं दुकान थोडं पुढं राहतं, हे मान्य केलं पाहिजे.

मापांचं काय? रेडीमेड पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत येतात. आर. के. नगर, उजळाईवाडीकडच्या नव्या फ्लॅटमध्ये ते बसतात. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत दार बुटकं, खिडकी आडवी, भिंत जाड. तिथं टेप घेऊन जावंच लागतं आणि कापड कापून शिवून द्यावं लागतं. स्वतःचं दुकान असताना बायको माप घ्यायला जायची, मी मागं स्टुलावर उभा राहून टेप धरायचो. ती पन्हा, घड्या, अस्तर सगळं तिथंच ठरवून यायची. त्या कामात समाधान होतं. त्रास शिलाईचा. दिवाळीच्या तोंडावर कारागीर फोन उचलत नाहीत आणि गिऱ्हाईक वास्तुशांतीची तारीख सांगून डोक्यावर उभं. आता रेडीमेड पडदा लांब झाला तर खालून दुमडून देतो, त्याला एक शिवणारी बाई पुरते.

फ्रँचायजीची दुखरी बाजू म्हणजे कॅलेंडर. कंपनीचं वर्ष कोल्हापूरचं नसतं. इथं बाजार हलतो तो दसरा-दिवाळीला, पाडव्याला, लग्नसराईत, आणि त्याच्या जोडीला दुधाच्या आणि उसाच्या पैशावर. दिवाळीच्या आधी गोकुळ दूध संघाचा दर फरक, म्हणजे दुधाच्या भावापोटी नंतर मिळणारी वाढीव रक्कम, गावोगावच्या संस्थांत जमा होतो आणि करवीर-कागलच्या बायका घरासाठी काहीतरी घ्यायला शहरात येतात. त्यांना बेडशीट हवी असते, अभ्रे हवे असतात, दिवाण सेट हवा असतो. त्या आठवड्यात दुकान भरलेलं पाहिजे. कंपनीचा मोठा सेल मात्र जुलैत असतो. जुलै म्हणजे आमच्याकडं आषाढ. मंगळवार-शुक्रवारी गल्लीगल्लीतून पी-ढबाक वाजवत टेंबलाई देवीला नव्या पाण्याच्या घागरी निघतात, बाहेर पाऊस कोसळतो, पंचगंगेची पातळी बघूनच माणूस घराबाहेर पडतो. त्या दिवसांत पन्नास टक्क्यांचा बोर्ड लावून कोण येणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत महापुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला, तेव्हा पुण्याकडून येणारा कुणाचाच माल येत नव्हता. असं काही झालं तर कंपनीनं दिलेलं विक्रीचं टार्गेट पुढं ढकलता येईल का, हे आधी विचारा. आमच्या कंपनीनं नंतर ऐकून घेतलं, पण ते संबंधांवर झालं. कागदावर तसं काही नव्हतं.

कागद महत्त्वाचा अशासाठी की फ्रँचायजीसाठी आपल्याकडं वेगळा कायदाच नाही. सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं, म्हणजे जे लिहिलंय तेच खरं. न विकलेला माल परत घेणार की नाही, पाच वर्षांनी फर्निचर नव्यानं करायला लावणार का, आपल्याच भागात दुसऱ्याला दुकान देणार का, स्वतःच्या वेबसाइटवर आपल्यापेक्षा स्वस्त विकणार का, हे एकेक वाचून घ्या. गाळा भाड्याचा असेल तर त्याचा नोंदणी केलेला करार फ्रँचायजीच्या मुदतीआधी संपत नाही ना, तेही बघा. पाटीचा एक छोटा मुद्दा: दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नाही असंच असावं लागतं. कंपनीच्या ठरलेल्या डिझाइनमध्ये ते बसवून घ्यायचं काम तुमच्यावर येतं. बोर्ड बनायच्या आधीच सांगा.

इथपर्यंत वाचून स्वतःचं दुकान बरं, असं वाटत असेल तर ते चूक नाही. हिशोबाच्या वहीवर ते बऱ्याच जागी पुढं आहे. आमचा निर्णय ज्या गोष्टीनं झाला ती वहीत येत नाही.

ती गोष्ट म्हणजे भाव. नेमकं सांगायचं तर, दोघांचे दोन भाव.

स्वतःच्या दुकानात प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर आम्ही खरेदीची किंमत खुणेच्या अक्षरांत लिहायचो. ती दोघांनाही वाचता यायची. पण कुठपर्यंत खाली यायचं हे चिठ्ठीवर नसतं, ते माणसावर असतं. मी सकाळी गिऱ्हाईक सोडायचो नाही, बोहनी महत्त्वाची वाटायची. बायको संध्याकाळी शेवटच्या पन्नास रुपयांवर अडून बसायची, कारण महिनाअखेरीचे हप्ते तिच्या डोक्यात असायचे. दोघांचंही बरोबर. गिऱ्हाइकाला मात्र हे चार दिवसांत कळतं. एक बाई चादरीची घडी अर्धी उलगडून, कडेची शिवण बोटानं तपासत उभी होती. मी साडेनऊशे म्हटलं. ती घडी न मिटता म्हणाली, "दादा, काल वैनी साडेआठशे म्हणालत्या की." वहिनी त्या वेळी बँकेत. आता खरं काय समजायचं? खोटं म्हणावं तर गिऱ्हाईक दुखावतं, खरं मानावं तर शंभर रुपये गेले. मी साडेआठशेला दिली. संध्याकाळी बायको म्हणाली, "मी नऊशेच सांगितले होते." ती बाई चुकीचं बोलली की बायको विसरली, हे कळायला मार्ग नाही. पण रात्री जेवताना ताटावर तोच विषय.

त्यात पाहुणे. कोल्हापुरात दुकान म्हटलं की अर्धी गिऱ्हाइकं कुठून तरी नात्यातली निघतात. माझ्या मावसभावाला पडद्यात किती सोडले आणि तिच्या माहेरच्या काकूंना किती, याचा हिशोब कुणीही लिहून ठेवत नाही, तरी तो दोन्ही घरांत पाठ असतो. "तुमच्याकडच्यांना बरं परवडतं" हे वाक्य आमच्या घरात नको तितक्या वेळा बोललं गेलं. उधारीचंही तसंच. "ऊसबिल जमा झालं की देतो" असं सख्खा पाहुणा म्हणतो तेव्हा नाही कोण म्हणणार? उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असा नियम आहे, पण गावात ते पुढं-मागं होतात, आणि आपली उधारी त्याच्याही मागं. मागायला कुणी जायचं, यावर परत आम्ही दोघं. माझा पाहुणा असेल तर मी जायचं, तिचा असेल तर तिनं, आणि दोघांनाही जीवावर यायचं.

धंद्यात तोटा आला असता तर सहन केला असता. पण दुकानाचा भाव घरात येऊन बसला की नवराबायकोला जायला दुसरी जागा नसते. भागीदार दोन मित्र असते तर रात्री आपापल्या घरी गेले असते.

फ्रँचायजीत हे एका झटक्यात थांबलं. बारकोड मारला की जो आकडा येतो तोच माझा, तोच बायकोचा, तोच मावसभावाचा आणि तोच काकूंचा. सूट असली तर कंपनीची, सगळ्यांना सारखी. रात्री दिवसाचा हिशोब जुळवून कंपनीकडं जातो, म्हणून उधारीचा विषयच काढता येत नाही, आणि पाहुणे तेही समजून घेतात. सुरुवातीला काही जुनी गिऱ्हाइकं तुटली, हे खरं. घासाघीस न करता घेतलं तर फसल्यासारखं वाटणारी माणसं आपल्याकडं आहेत आणि त्यांचा मला राग नाही. पण गावाकडच्या ज्या बायका आमच्या जुन्या दुकानात तासभर भाव करायच्या, त्यांतल्या बऱ्याच जणी आता स्टिकर बघतात, आपसात ठरवतात आणि पैसे काढतात. त्या वाचलेल्या वेळात बायको त्यांना रंग जुळवून दाखवते. भिंत कुठल्या रंगाची, ऊन कुठून येतं, घरात लहान मूल आहे का, असं विचारून पडदा निवडून देते. तिचं खरं कसब ते आहे. भाव करण्यात ते मागं पडलं होतं.

म्हणून कुणी विचारलं तर मी तोल फ्रँचायजीकडं झुकवतो. नफा थोडा कमी, कंपनीचे नियम जास्त, जुलैचा सेल डोकं उठवतो, तरीही. अर्थात तुमचं वेगळं असू शकेल. दोघांपैकी एकजण पडद्याच्या शिलाईत पक्का असेल, गाळा घरचाच असेल, किंवा भाव करणं आणि उधारी बघणं हे काम कायमचं एकाच्याच हातात ठेवायची तुमची तयारी असेल, तर स्वतःच्या नावाची पाटी नक्की विचारात घ्या. फक्त "दोघांचं पटतं हो आमचं" एवढ्यावर विसंबून नको. आमचंही पटत होतं.

फ्रँचायजी घेणार असाल तर कागदपत्रं दोघांच्या नावावर ठेवा. बऱ्याच कंपन्यांना सहीसाठी एकच नाव सोपं वाटतं, पण भागीदारी संस्था करून दोघांनी सही केली तर बँकेत, जीएसटीत आणि कंपनीच्या बैठकीत दोघांनाही तोंड राहतं. ट्रेनिंगलाही दोघांनी जा. आमच्याकडं मी एकटाच जाणार होतो, बायकोनं हट्ट धरला, आणि आज बिलिंग माझ्यापेक्षा तिला जास्त येतं.

आणि करार करताना आणखी एक विचारा: बिलिंगमध्ये दुकानदाराला स्वतःच्या मनानं सूट देता येते का? काही ठिकाणी दोन-पाच टक्क्यांची मुभा असते आणि ती फायद्याची म्हणून सांगितली जाते. आमच्याही बिलिंगमध्ये होती. आम्ही कंपनीला लेखी कळवून ती बंद करून घेतली.