आयव्ही, नेस्कॅक की यूएए? खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी

"मुलगी टेनिस छान खेळते, वर्गातही पहिल्या पाचांत असते, तेव्हा तिला आयव्ही लीगलाच पाठवायचं ठरवलंय." दर पावसाळ्यात पुण्या-मुंबईहून मला असे दोन-चार फोन येतात. न्यू जर्सीत वीस वर्षं काढलेली, दोन मुलांच्या मॅचेसना कोर्टाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसलेली मावशी एवढीच माझी पात्रता. मी उलट विचारते, "आयव्ही लीग म्हणजे काय?" उत्तर येतं, "अमेरिकेतली टॉपची आठ-दहा विद्यापीठं." त्या यादीत एमआयटी आणि स्टॅनफर्ड हमखास असतात. खरं तर दोन्ही त्यात नाहीत.

आयव्ही लीग हे खेळांच्या एका गटाचं नाव आहे. आपल्याकडे विद्यापीठांच्या स्पर्धा पश्चिम विभाग, दक्षिण विभाग अशा होतात आणि कुठलं विद्यापीठ कुठे ते नकाशा ठरवतो. अमेरिकेत कॉलेजं आपापले सोबती स्वतः निवडतात, करार करतात आणि वर्षानुवर्षं प्रामुख्याने एकमेकांशी खेळतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. एमआयटीची कॉन्फरन्स वेगळी आहे. स्टॅनफर्ड तर २०२४पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर बसून. बिग टेनमध्ये त्याच वर्षापासून अठरा विद्यापीठं आहेत, आणि नाव अजून बिग टेनच.

त्या मोठ्या गटांचा मामला टीव्हीच्या पैशांचा आहे, त्यांच्याबद्दल शेवटी दोन वाक्यं सांगेन. अभ्यास आणि खेळ दोन्ही मनापासून करणाऱ्या मुलांपुढे बहुधा तीन नावं येतात: आयव्ही, नेस्कॅक आणि यूएए. तिन्हींत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मग फरक कशात? माझ्या मते या कॉलेजांनी एकत्र येताना काय काय *करायचं नाही* असं ठरवलं, ते बघावं. मुलाची चार वर्षं कशी जातील ते त्यातून बरंच कळतं.

आयव्हीपासून सुरू करते. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, प्रिन्स्टन आणि येल अशी आठ विद्यापीठं. कॉर्नेल १८६५चं, बाकी सातही अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आधीची. अमेरिकन कॉलेज फुटबॉल याच मंडळींनी वाढवला. १८६९चा पहिला सामना प्रिन्स्टन आणि रटगर्स यांच्यात झाला. पुढे या खेळात पैसा आणि चढाओढ इतकी वाढली की लगाम घालायची वेळ आली. १९४५मध्ये आठही अध्यक्षांनी फुटबॉलपुरता करार केला आणि १९५४मध्ये तो सगळ्या खेळांना लागू केला. गाभा साधा होता: खेळाडू आधी विद्यार्थी असेल, त्याला मिळणारी मदत घरच्या ऐपतीनुसार ठरेल, खेळानुसार नाही. तेव्हापासून एकही सदस्य आला नाही आणि एकही गेला नाही. बाकीच्या अमेरिकेत कॉन्फरन्सेस बिऱ्हाडं बदलल्यासारख्या सदस्य बदलत असताना ही गोष्ट लहान नाही.

मात्र आयव्ही डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तरात खेळते. म्हणजे समोर शिष्यवृत्तीवर आणलेले खेळाडू असू शकतात आणि आपल्या मुलाला मात्र ती नाही. हंगामात आठवड्याला वीस तासांपर्यंत अधिकृत सराव, शिवाय जिम आणि प्रवास. ब्राउनच्या दोन बास्केटबॉलपटूंनी हा शिष्यवृत्तीबंदीचा नियम २०२३मध्ये कोर्टात नेला, खटला पुढच्या वर्षी फेटाळला गेला. खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा देणारी मोठी तडजोड २०२५मध्ये झाली, त्यातही आयव्हीने भाग घेतला नाही. हट्टीपणा म्हणा किंवा तत्त्व म्हणा. मला तो आवडतो, पण चेक आपल्यालाच फाडायचा असतो हे विसरू नका.

आता नेस्कॅक. पूर्ण नाव न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स. यातलं हॅमिल्टन न्यू यॉर्क राज्यात आहे, म्हणजे न्यू इंग्लंड या ईशान्येकडच्या सहा राज्यांच्या पट्ट्याबाहेर, आणि टफ्ट्सला कुणी लहान कॉलेज म्हणणार नाही. बाकीचे नऊ म्हणजे अ‍ॅमहर्स्ट, बेट्स, बोडिन, कोल्बी, कनेक्टिकट कॉलेज, मिडलबरी, ट्रिनिटी, वेस्लियन आणि विल्यम्स. (बोडिनचं स्पेलिंग पाहून 'बाउडॉइन' म्हणू नका. कोच हसत नाहीत, पण लक्षात ठेवतात.) मूळ १९५५चं: अ‍ॅमहर्स्ट, बोडिन, वेस्लियन आणि विल्यम्स या चौघांत आपसात एक समझोता झाला. त्यावर १९७१मध्ये अकरा कॉलेजांची कॉन्फरन्स उभी राहिली.

पहिल्या अकरांत कनेक्टिकट कॉलेज नव्हतं, युनियन कॉलेज होतं. युनियनला आइस हॉकीत मोठं व्हायचं होतं. खेळाडू जमवण्याच्या नियमांवरून खटके उडाले आणि १९७७मध्ये युनियन बाहेर पडलं. त्या जागी १९८२मध्ये कनेक्टिकट कॉलेज आलं, तेव्हापासून यादी तीच. नेस्कॅकचा स्वभाव कळायला मला हा किस्सा पुरतो. तिथे एखाद्याने पुढे धाव घेतली तर बाकीचे त्याच्यामागे धावत नाहीत, त्याला दार दाखवतात. बरीच वर्षं त्यांनी आपल्या संघांना राष्ट्रीय सांघिक स्पर्धेतही जाऊ दिलं नव्हतं. वर्ग बुडतील म्हणून. फुटबॉल सोडून बाकी खेळांत ती बंदी नव्वदच्या दशकात उठली आणि मग कळलं की ही पोरं कच्ची नव्हती. नेस्कॅक आणि यूएए ज्यात खेळतात त्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती नसलेल्या स्तरात, सगळ्या खेळांची मिळून जी सर्वसाधारण ढाल देतात, ती विल्यम्सने वीसहून जास्त वेळा जिंकली आहे.

नेस्कॅकमध्ये सरावाचा हंगाम उशिरा सुरू होतो आणि हंगामाबाहेर कोचने सराव घेण्यावर बंधनं असतात. मुलगा सेमिस्टरभर पॅरिसला जाऊन शिकेल, नाटकात काम करेल, लॅबमध्ये रात्र काढेल, कुणी नाक मुरडणार नाही. पण एक गंमत लक्षात घ्या. दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात तीसच्या आसपास संघ असले की जवळजवळ तिसरा विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या संघात असतो. जेवणाची टेबलं संघांप्रमाणे पडतात. खेळ सोडलेल्या मुलाला तिथे एकटं वाटू शकतं. आईबाप हे सहसा विचारत नाहीत.

यूएए, म्हणजे युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशन, तिघांत सगळ्यात तरुण. स्थापना १९८६ची. आज सदस्य आठ: ब्रॅन्डाइस, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, एमरी, शिकागो, न्यू यॉर्क युनिव्हर्सिटी, रॉचेस्टर आणि सेंट लुइसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. जॉन्स हॉपकिन्स स्थापनेपासून होतं, ते २००१मध्ये बाहेर पडलं. ही सगळी संशोधनाची विद्यापीठं, बहुतेक मोठ्या शहरांतली. आसपासच्या छोट्या कॉलेजांशी खेळून आपल्यासारख्यांशी गाठ पडत नाही, म्हणून त्यांनी आपला एक गट केला, अंतराची पर्वा न करता.

यातल्या शिकागोची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९६मध्ये बिग टेनची सुरुवात करणाऱ्यांत शिकागो होतं. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी १९३५मध्ये पहिल्यांदा दिली, ती शिकागोच्या जे बरवँगरला. आणि चारच वर्षांनी अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद केला. विद्यापीठाचं काम शिकवणं आहे, म्हणाले. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षकांच्या स्टँडखाली रॅकेटच्या खेळाचं एक कोर्ट होतं. तिथे २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणू-साखळी प्रक्रिया घडवली. १९४६मध्ये शिकागोने बिग टेनही सोडली. फुटबॉल पुढे परत आला, पण साध्या, डिव्हिजन थ्रीच्या रूपात. यूएएचा पिंड या गोष्टीत आहे: खेळ हवा, पण घराचा मालक तो नाही.

म्हणून खेळ कच्चा असतो असं मात्र समजू नका. न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीच्या मुलींचा बास्केटबॉल संघ २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. एमरीच्या मुलींनी पोहण्याचं विजेतेपद २०१० ते २०१९ दरवर्षी घेतलं.

बस की विमान

सदस्यांची यादी वाचताना नकाशा उघडून ठेवा. नेस्कॅकची अकरा कॉलेजं पाच राज्यांत आहेत आणि सगळा प्रवास बसचा. सगळ्यात लांबचा फेरा हॅमिल्टन ते मेन राज्य, सहा-सात तास, म्हणजे मुंबई-कोल्हापूर एसटीने गेल्यासारखं. फक्त बाहेर बर्फ. आयव्हीही बसचीच; जवळच्या दोघांची जोडी लावून (हार्वर्ड-डार्टमथ, येल-ब्राउन, कोलंबिया-कॉर्नेल, पेन-प्रिन्स्टन) शुक्रवार-शनिवारचे सामने आखायची तिथली जुनी पद्धत. यूएएत विमान लागतं. अटलांटाच्या एमरीपासून बॉस्टनजवळच्या ब्रॅन्डाइसपर्यंत दीड हजार किलोमीटर. बास्केटबॉलमध्ये शुक्रवारी एका शहरात, रविवारी दुसऱ्या, आणि सोमवारी सकाळी वर्ग. काही मुलांना हे फार आवडतं, सेंट लुइस-शिकागो-न्यू यॉर्क फुकटात बघून होतं. माझ्या धाकट्याला विमानतळावर अभ्यास कधी जमला नाही. तुमच्या मुलाचा स्वभाव तुम्हीच जाणता.

पैसा

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा फरक इथे आहे, आणि तो खेळाचा नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ आणि आता ब्राउन ही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज घेताना त्याला मदत लागेल की नाही हे बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. नेस्कॅकमध्ये अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिन तसंच करतात. विल्यम्स गरज पूर्ण भागवतं, पण प्रवेश देताना ती विचारात घेतं. यूएएतल्या आठांपैकी एकही भारतीय अर्जदाराच्या बाबतीत गरजेकडे डोळेझाक करत नाही. मदत मिळते, पण मोजक्यांना. आयटीत चांगला पगार असलेल्या पुणेकर घराला याने फारसं बिघडत नाही. शिक्षकाच्या किंवा बँकेतल्या कारकुनाच्या घराला याच एका मुद्द्यावर यादी बदलावी लागते, आणि त्यांनी ती बदलावीच.

कोचचा शब्द

आयव्हीत कोच तुमच्या मुलाचं नाव प्रवेश कार्यालयाकडे पुढे करतो. पसंत पडलं तर अधिकृत निकालाआधीच 'लाइकली लेटर' येऊ शकतं. तेवढंच खरं मानायचं. ते कार्यालयाचं पत्र असतं, कोचच्या तोंडच्या "वी लव्ह यू" या वाक्याला तेवढी किंमत नाही. नेस्कॅकमध्ये अकरावी संपल्यावर जुलैत 'प्री-रीड' होतं: कोच गुणपत्रिका कार्यालयाला दाखवतो, तिथून हिरवा-पिवळा-लाल असा अंदाज येतो. मग बहुधा अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगतात आणि तो अर्ज बांधून घेणारा असतो. प्रवेश मिळाला की जायचंच. म्हणून पैशांचा हिशेब आधी, अर्ज नंतर. यूएएतही कोचचा पाठिंबा उपयोगी पडतो, पण मोठ्या विद्यापीठाच्या कार्यालयात त्याचं वजन किती, ते जागोजागी वेगळं.

स्क्वॉशच्या मुलांना वरचं अर्धं लागू नाही. कॉलेज स्क्वॉशमध्ये डिव्हिजन वन-थ्री असा भेद नाही, सगळे एकाच मैदानात. हार्टफर्डचं छोटं ट्रिनिटी १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकलं, हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनला धरून, आणि कोच पॉल असायंट यांच्या त्या संघांत मुंबईचा माणेक माथुरही होता. शेवटी जानेवारी २०१२मध्ये येलने ती मालिका तोडली. मुंबईच्या क्लबांत वाढलेल्या स्क्वॉशपटूने नेस्कॅकला 'खालची पायरी' म्हणू नये, एवढंच.

क्रिकेटचं विचाराल तर या तिन्ही गटांत तो क्लबचा खेळ आहे, त्याच्यावर प्रवेश नाही. अधिकृत संघ ठेवणारं कॉलेज एकच, फिलाडेल्फियाजवळचं हॅव्हरफर्ड, आणि ते यातल्या कुठल्याच गटात नाही.

मग कुणी कुठे जावं? मुलगा राष्ट्रीय क्रमवारीत वर आहे, रोज तीन-चार तास खेळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही आणि गुणही तसेच आहेत, तर आयव्ही. पण बाकावर बसायची तयारी ठेवा. डिव्हिजन वनमध्ये राखीव खेळाडू म्हणून चार वर्षं काढलेली मुलं मी पाहिली आहेत. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर किंवा मेडिकलकडे जायचंय, शहर हवंय आणि पैशांची फार ओढाताण नाही, तर यूएए. कार्नेगी मेलनमध्ये कॉम्प्युटर शिकत संघात पहिल्या क्रमांकावर खेळणं मला प्रिन्स्टनच्या बाकापेक्षा कितीतरी बरं वाटतं. विषय अजून ठरलेला नाही, लहान वर्ग आणि प्राध्यापकांची ओळख हवी, थंडीचा बाऊ नाही, तर नेस्कॅक. माझं मत या बाजूला झुकतं हे कबूल करते. नातेवाईकांना नाव समजावून सांगायला लागेल, तेवढा त्रास.

आणि ज्याला पुढे व्यावसायिक टेनिसच खेळायचं आहे, त्याने ही तिन्ही नावं बाजूला ठेवावीत. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. मोठ्या कॉन्फरन्सेसमध्ये शिष्यवृत्ती असते आणि रोज समोर तयार खेळाडू असतो. तो रस्ता वेगळा.

कोचशी पहिला फोन झाला की एक प्रश्न मुलानेच विचारावा, तुम्ही नको: "गेल्या चार वर्षांत तुम्ही घेतलेल्या मुलांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत संघात किती उरली?" आकडा चटकन सांगणारा कोच भेटला तर त्याचं कॉलेज यादीत वर घ्या.