योकिच की गोबेर? पिव्होटची एकच जागा उरली असेल तर

उन्हाळी स्पर्धा जवळ आल्या की इंदुरातला कोणी ना कोणी क्लबवाला हा प्रश्न घेऊन येतोच. बास्केटबॉलच्या संघात पिव्होटची, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूची, एक जागा उरली आहे आणि पोरं दोन आहेत. एकाच्या हातात चेंडू आला की बाकीचे चौघे आपोआप मोकळे होतात. दुसऱ्याचा फ्री थ्रो पाहवत नाही, पण तो आत उभा असला की समोरच्यांची ले-अप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन घ्यायचा सोपा शॉट, टाकायची छाती होत नाही. घ्यायचं कोणाला?

मी दर वेळी 2024 ची डेन्व्हर–मिनेसोटा मालिका पुढे ठेवतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या प्लेऑफमध्ये हे दोन्ही नमुने तेव्हा सात सामने आमनेसामने होते. डेन्व्हरचा निकोला योकिच 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात, 41 वा निवडला गेला होता. 2024 पर्यंत तो तीन वेळा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मिनेसोटाचा रुडी गोबेर 2.16 मीटर उंच, आणि त्याच वर्षी चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटू. त्याच्यासाठी मिनेसोटाने 2022 मध्ये पाच खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या 4 निवडी मोजल्या, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. हा सौदा करणारे टिम कॉनेली डेन्व्हरमध्ये असताना योकिचला निवडणारेही तेच. म्हणजे दोन्ही प्रकारच्या पिव्होटची किंमत त्या माणसाला ठाऊक होती.

पाचव्या सामन्यात योकिचने 40 गुण केले, त्याच्या 13 पासवर सहकाऱ्यांनी बास्केट केलं आणि त्याने एकदाही चेंडू गमावला नाही. समोर बहुतेक वेळ गोबेरच होता. तेवढा एकच सामना पाहिला असता तर मीही डोळे मिटून पहिल्या पोराला घ्या म्हटलं असतं.

पण दुसरा सामना बघा. मुलाच्या जन्मामुळे गोबेर त्यात नव्हता, तरी डेन्व्हर 80 वर अडकलं आणि मिनेसोटाने 106 केले. आतला डिफेन्स एका उंच माणसाचा नसतो, हे मला तिथे नीट कळलं. आणि सातवा! आपल्याकडे 20 मेची सकाळ होती, क्लबातली पोरं माझ्या घरी फोनला चिकटलेली. मध्यंतराला डेन्व्हर 53-38 ने पुढे, मग फरक 20 वर गेला. तिथून मिनेसोटाने सामना 98-90 असा फिरवला. दुसऱ्या अर्ध्यात डेन्व्हरचे फक्त 37 गुण. योकिचला अंगावर घ्यायला मुख्यतः कार्ल-अँथनी टाउन्स होता आणि गोबेर मागे मोकळा, जिथे फट पडेल तिथे जायला. योकिचने एकट्याने 34 केले, पण बाकीच्यांना आतली वाट सापडेना.

हे आपल्या कोर्टावर कसं दिसतं ते सांगतो. मागच्या महिन्यात सरावात आमच्या एका चपळ गार्डला, म्हणजे बाहेरून चेंडू घेऊन येणाऱ्या पोराला, सरळ ले-अप मिळत होता. दोन पावलं टाकली, आत पाहिलं आणि चेंडू परत बाहेर फेकला. आतल्या पोराने उडीही मारली नव्हती. दोन्ही हात सरळ वर धरून नुसता उभा होता. मी विचारलं, का नाही टाकला? म्हणाला, ‘‘सर, तो उभा होता ना आत!’’ स्कोअरशीटवर याची कुठेच नोंद होत नाही. ब्लॉक नाही, रिबाउंड नाही, काहीच नाही. म्हणूनच अशा पोराची निवड मागे पडते, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आपल्या निर्णयात नियमांचाही मोठा हात आहे. एनबीएमध्ये कोणालाही अंगावर न घेता बचावपटू तीन सेकंदांपेक्षा जास्त आत थांबू शकत नाही. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो आणि तिथे हे बंधन नाही, तीन सेकंद मोजतात ते फक्त आक्रमण करणाऱ्यांचे. तुमचा उंच पोरगा झोन लावून, म्हणजे माणूस न धरता जागा राखून, चाळीस मिनिटं बास्केटखाली राहू शकतो. गोबेरला जे तिकडे मिळत नाही ते त्याला इथे फुकट मिळतं. फक्त फाउल सांभाळायचे, कारण पाचव्याला बाहेर.

गोबेरची मर्यादाही त्याच वर्षी दिसली. पुढच्याच फेरीत डॅलसच्या लुका डॉन्चिचने त्याला तीन गुणांच्या रेषेबाहेर ओढलं, मागे सरकत शॉट मारला आणि दुसरा सामना 109-108 ने नेला. मिनेसोटाने मालिका 4-1 ने गमावली. पण शेवटच्या सेकंदांत उंच माणसाच्या डोक्यावरून असा शॉट घालणारा गार्ड आपल्या स्पर्धांमध्ये किती संघांकडे असतो?

माझं मत विचाराल तर दुसरा पोरगा घ्या. अपवाद एकच: तुमच्याकडे गुण करणारं दुसरं कोणीच नसेल तर पहिल्याला पर्याय नाही, मग त्याच्या शेजारी एक धिप्पाड फॉरवर्ड ठेवा.

तरी मन होत नसेल तर रविवारी रेसकोर्स रोडच्या कोर्टावर दोघांना दहा-दहा मिनिटं आत उभं करा. गुण लिहू नका. समोरच्यांनी किती वेळा आत येऊन चेंडू परत बाहेर फेकला, तेवढंच मोजा.