मुलाचा कॅन्सर: उपचार नाशकात की मुंबईत?

रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न निघतो, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचं की इथे नाशकातच उपचार करायचे? माझं मत असं, की आधी कॅन्सर कोणता ते नीट कळू द्या, मग गाव ठरवा.

लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, त्यातही ए.एल.एल. (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). तो बहुतेकदा २ ते ५ वर्षांच्या मुलांना होतो. उपचार २ ते ३ वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने कडक केमोचे, पुढे मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून सौम्य केमो: रोजची गोळी, आठवड्याला मेथोट्रेक्सेट हे औषध. या सगळ्या काळात खरी भीती तापाची. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि टाटा हॉस्पिटल परळला, दीडशेहून जास्त किलोमीटरवर, मध्ये कसारा घाट. म्हणून नाशकात मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर (मोठ्यांचे नव्हे), मुलांचा आयसीयू आणि वेळेवर प्लेटलेट मिळत असतील, तर मी इथेच उपचार करेन. मुंबईला गेलात तरी तिथल्या प्रोटोकॉलची (उपचारांच्या आराखड्याची) प्रत असलेलं एक रुग्णालय इथे ठरवून ठेवा.

हाडाच्या कॅन्सरचं गणित उलटं. ऑस्टिओसार्कोमा वाढत्या वयातल्या मुलामुलींना होतो, बहुधा गुडघ्याजवळ. खेळताना लागलं असेल म्हणून मालिश करण्यात महिने जातात. यात घाईने इथे बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) उरकू नका. जी टीम पुढे ऑपरेशन करणार तिनेच ती करावी. छेद चुकीच्या जागी गेला तर पाय वाचवणं अवघड होतं. इथे मी मुंबईच म्हणेन.

फोटोत बाळाचं बुबुळ पांढरं चमकलं तर डोळ्याच्या कॅन्सरची शंका घ्या. तोही मोठ्या केंद्रातच. मानेतली न दुखणारी गाठ हॉजकिन लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) निघाली तर बहुतेक मुलं केमोने बरी होतात, आणि पेट स्कॅनची (कॅन्सर शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीची) सोय असेल तर नाशिकही चालेल.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी भरती होण्याआधी करा, ती दोन्हीकडे आहे. मुंबईत राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये कुटुंबाला मोफत खोली मिळू शकते, पण रुग्णालयामार्फतच. पहिल्याच भेटीत तिथल्या समाजसेवकांना विचारा.

बायोप्सी आधीच झाली असेल तर मुंबईच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसण्यापूर्वी लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. टाटात नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, ते पुन्हा तपासतात.