स्पंदकांचे वार्धक्य मराठीतून: नाशिकमधील तीन संध्याकाळींचा वर्ग

गंगापूर रोडवरील एका सभागृहात हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटाने घेतलेला तीन संध्याकाळींचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. स्पंदक, म्हणजे पल्सर (वेगाने फिरत ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे), वयानुसार कसे मंदावतात आणि अखेर कसे मावळतात, एवढाच त्याचा विषय होता. शुल्क पाचशे रुपये आणि गणित दहावीपर्यंतचे पुरते. ज्यांना आकाश पाहण्याबरोबर समजूनही घ्यायचे आहे, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा.

पहिल्या संध्याकाळी व्याख्यात्यांनी दिवे मालवून आधी केवळ आवाज ऐकवले. रेडिओ दुर्बिणींनी टिपलेल्या स्पंदनांचे ते ध्वनीरूप होते. बी ०३२९+५४ हा सुमारे पन्नास लाख वर्षांचा स्पंदक दर ०.७१ सेकंदाला एक ठोका देतो. भांडी बाजाराजवळ लहानाची मोठी झाल्यामुळे मला तो आवाज तांब्याचा हंडा मठारणाऱ्या हातोडीसारखा वाटला. मग सेकंदाला अकरा ठोके देणारा वेला नावाचा स्पंदक, आणि शेवटी सेकंदाला तीस फेऱ्या घेणारा क्रॅब तेजोमेघातला स्पंदक, ज्याचे ठोके सुटे ऐकूच येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. वय आणि वेग यांचे नाते एकही आकडा न लिहिता कानांना कळले.

खरा कस लागला तो दुसऱ्या दिवशी. जेमतेम वीस किलोमीटर व्यासाच्या, पण सूर्याहून अधिक वस्तुमानाच्या या ताऱ्याकडे खर्चायला मुख्यतः परिवलनाची ऊर्जाच असते. फिरणारे प्रखर चुंबकीय क्षेत्र ती ऊर्जा प्रारणाच्या आणि कणांच्या रूपाने बाहेर टाकते आणि तारा मंदावत जातो. क्रॅबचा आवर्तकाल, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, रोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. आवर्तकालाला त्याच्या वाढीच्या दराच्या दुपटीने भागले की वय मिळते, असे सांगून आम्हाला वही-पेन्सिल घेऊन बसवले. उत्तर आले सुमारे १,२६० वर्षे. परंतु हा तारा ज्या स्फोटातून जन्मला तो चिनी निरीक्षकांनी १०५४ साली नोंदवला आहे, म्हणजे खरे वय हजार वर्षांच्याही आत. व्याख्यात्यांनी ही तफावत झाकली नाही. उलट उरलेला सगळा तास तिच्यावरच दिला. जन्मताच तारा आजच्या तुलनेत अतिशय वेगाने फिरत होता आणि त्याला लागणारा ब्रेक केवळ चुंबकीय प्रारणाचाच होता, ही सूत्रातली दोन गृहीतके आहेत. क्रॅबच्या बाबतीत ती तंतोतंत लागू पडत नाहीत. मोजलेले वय आणि जगलेले वय यांतला हा फरक इतक्या सावकाश उलगडून दाखवलेला मी मराठीत याआधी ऐकला नव्हता.

तिसरी संध्याकाळ मात्र विस्कटली. वर्ग चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाला. आवर्तकाल आणि त्याच्या वाढीचा दर मांडणाऱ्या आलेखाची झेरॉक्स इतकी फिकट होती की मृत्युरेषा आम्हाला बोटाने दाखवावी लागली. ती रेषा ओलांडल्यावर ध्रुवांजवळचे विद्युत विभव (व्होल्टेज) इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या निर्माण करायला अपुरे पडते आणि रेडिओ लहरी थांबतात. तारा फिरत राहतो, पण मुका होतो. हे सांगून झाले, पण तारा थंड कसा होतो, सुरुवातीची उष्णता न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण कशी वाहून नेतात, हा भाग पाच मिनिटांत गुंडाळला गेला. मावळणे हा वर्गाचाच विषय असताना ही घाई मला फार खटकली.

पुनरुज्जीवित स्पंदकांना मात्र योग्य न्याय मिळाला. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत म्हातारा तारा पुन्हा गती पकडतो. अशा प्रकारचा पहिला मिलिसेकंद स्पंदक, सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा, १९८२ साली सापडला आणि त्या शोधात कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी होते, हे ऐकताना सभागृहात टाळ्या पडल्या. पुण्याला जाताना नारायणगावाहून आत वळले की खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण आहे आणि तीही स्पंदक शोधते, याची आठवण व्याख्यात्यांनी आवर्जून करून दिली.

पुढच्या तुकडीसाठी आयोजकांनी तो आलेख मोठ्या कागदावर स्वच्छ छापून द्यावा आणि थंड होण्याच्या भागाला चौथी संध्याकाळ द्यावी. त्यासाठी जास्तीचे शुल्क भरायला मी तयार आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पुढच्या रांगेत बसावे. वेलाचे ठोके मागच्या भिंतीपाशी नीट पोहोचत नाहीत.