विंडोज १० वरच थांबायचं की ११ वर जायचं?

माझ्या काकांच्या लॅपटॉपवर सपोर्ट संपल्याची नोटीस आली, ते घाबरले की उद्यापासून मशीन बंद! तसं काही नसतं हो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणजे फुकटचे सिक्युरिटी पॅच थांबले, लॅपटॉप चालूच राहतो, पण नवीन भोक सापडलं की ते उघडंच राहतं आणि बँकेचे व्यवहार त्यावर करायचे म्हणजे मला तरी धाकधूक वाटते.

आधी आपलं व्हर्जन कोणतं ते बघा: विंडोज की आणि R एकत्र दाबून उघडणाऱ्या रन बॉक्समध्ये winver टाईप करा. काकांकडे २२एच२ दिसलं, म्हणजे २०२२ च्या दुसऱ्या सहामाहीचं, १० चं शेवटचं व्हर्जन. त्यावर ईएसयू (सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटी पॅच देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) घेतलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात, नवीन फीचर मात्र शून्य.

विंडोज ११ फुकट आहे पण टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आणि तिथेही प्रत्येक व्हर्जनला मुदत असतेच, होम-प्रोला २४ महिने, म्हणजे ११ चं २४एच२ व्हर्जन सुद्धा त्याच १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतं, फक्त पुढचं व्हर्जन फुकट मिळतं.

मशीन या अटींत बसत असेल तर सरळ ११ घ्या. काकांचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, म्हणून त्यांना ईएसयू लावून दिलं.