आठ महिने ‘लँडेड जेंट्री’सोबत: ज्यांच्यासाठी घेतलं तेच आत नाहीत

इंग्लंडच्या वॉरिकशायरमधला चार्लकोट हा जुना वाडा पाहून आलो आणि डोक्यात मासे शिरले. तिथल्या लूसी घराण्याच्या ढालीवर, म्हणजे कुलचिन्हावर, तीन मासे, तोंड वर करून उभे. ‘लूस’ म्हणजे पाइक मासा, म्हणजे आडनावावरचीच कोटी. त्या भरात बर्कच्या ‘लँडेड जेंट्री’ची, म्हणजे ब्रिटनमधल्या जमीनदार घराण्यांच्या वंशावळी आणि ढालींच्या ग्रंथाची, 1952 ची जुनी प्रत मागवली. ‘उत्तम स्थिती’तली प्रत बाइंडिंग सुटलेली निघाली. असो.

पहिल्याच रात्री लूसी शोधले. नाहीत! 1892 मध्ये या घराण्याच्या वारस मुलीने एका बॅरोनेटशी (वंशपरंपरागत ‘सर’ किताबवाल्याशी) लग्न केलं, नवऱ्याने आपल्या आडनावाला लूसी जोडलं, आणि मंडळी बर्कच्याच ‘पीअरेज’ या किताबवाल्यांच्या दुसऱ्या ग्रंथात गेली. इथे फक्त बिनकिताबाचे जमीनदार. घेण्याआधी हे बघा, मी बघितलं नव्हतं.

पण या विभागणीमुळेच एक मजा हाती लागली. 1385 च्या स्कॉटलंड स्वारीत यॉर्कशायरचा स्क्रोप आणि चेशायरचा ग्रोव्हनर एकच चिन्ह मिरवत आले: निळ्या ढालीवर सोनेरी तिरपा पट्टा. भांडण कोर्टात गेलं, साक्षीदारांत चॉसर कवीही होता, आणि 1390 मध्ये ग्रोव्हनर हरला. त्याने पट्टा सोडून गव्हाची सोनेरी पेंढी घेतली. त्या हरलेल्याचं घराणं आज वेस्टमिन्स्टरचे ड्यूक, म्हणून ‘पीअरेज’मध्ये. जिंकलेले स्क्रोप, डॅन्बीचे, माझ्या या पुस्तकात साध्या जमीनदारांच्या रांगेत!

भाषेला वेळ द्यावा लागतो. ढालीचं वर्णन मोडक्या नॉर्मन फ्रेंचमध्ये असतं, चित्र सगळ्यांचं नसतं. स्क्रोपांचा पट्टा मी मुलीच्या खडूंनी काढून पाहिला, तर उलटा आला. उजवं-डावं बघणाऱ्याचं नाही, ढाल धरणाऱ्याचं धरायचं! वंशावळीतही गोंधळ. जिकडेतिकडे ‘डी.एस.पी.’ दिसायला लागलं, म्हटलं काय हे, घरोघरी पोलीस अधिकारी? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मूलबाळ न होता वारला.

आता तक्रार. आजोबा कोणत्या शाळेत, कोणत्या पलटणीत, सगळं आहे. पैसा कुठून आला ते नाही. गुलामगिरी बंद करताना ब्रिटिश सरकारने गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांना 2 कोटी पौंड भरपाई दिली. त्यातला पैसा कितीतरी जमीनदार घरांत आला, पण इथे वाचून ते कळणार नाही. मुलींना एक ओळ: नाव, लग्न, संपलं. आणि नॉर्मन काळापर्यंत, म्हणजे अकराव्या शतकापर्यंत मागे नेलेली वंशावळ दिसली की मी आधी संशय घेतो. बर्कच्या जुन्या आवृत्त्या असल्या दंतकथांसाठी एकोणिसाव्या शतकातच बदनाम झाल्या होत्या.

आणखी एक, आपल्या आडनावाचं चिन्ह मिळेल म्हणून कुणी घेऊ नका. इंग्लंडमध्ये ढाल आडनावाला मिळत नाही, माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळते. ती देण्याचं काम 1484 पासून कॉलेज ऑफ आर्म्स या कुलचिन्हांच्या संस्थेचं.

मला सगळ्यात जास्त थांबवतो तो काही घराण्यांच्या नोंदीच्या मथळ्यातला एक शब्दप्रयोग: ‘फॉर्मर्ली ऑफ’, अमुक गावचे, पूर्वीचे. धान्याचे भाव पडले, 1894 पासून मृत्युकर (मालक वारल्यावर मालमत्तेवर बसणारा कर) वाढत गेला, वाडे विकले गेले. तरी ढालीचं वर्णन खाली जसंच्या तसं, एक रंगही कमी नाही.

ठेवणार आहे. आता 1892 च्या आधीची आवृत्ती शोधतोय, त्यात लूसी असायला हवेत.