मोती शेतीतील फसवणूक : शिंपले मेले की ‘रोग’ पुढे येतो

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाची कमतरता नाही. पण भात निघाल्यावर शेततळ्यात उरलेल्या पाण्यातून चार पैसे कसे मिळवावेत, हा प्रश्न आमच्यासारख्या अनेक घरांपुढे असतो आणि मोती शेतीची योजना विकणारी मंडळी नेमकी अशीच घरे शोधत येतात. माझ्या थोरल्या बंधूंशी अशा एका कंपनीने करार केला. कंपनीने मणी (ज्याभोवती मोती तयार होतो) बसवलेले शिंपले द्यायचे, आम्ही ते सांभाळायचे आणि दीड वर्षाने कंपनीनेच ते ठरल्या दराने परत घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. मात्र रोगाचे निमित्त करून पैसे कसे बुडवले जातात, हे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण या योजनेची पळवाट तेथेच आहे.

गोड्या पाण्यातील मोती हा व्यवसाय मुळात खोटा नाही. आपल्याकडील नद्या-तळ्यांत सापडणाऱ्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीच्या शिंपल्यात लहानशी शस्त्रक्रिया करून मणी बसवतात, नंतर सुमारे १० दिवस ते नायलॉनच्या जाळीत देखरेखीखाली ठेवतात, रोज तपासून मेलेले आणि मणी बाहेर टाकलेले शिंपले वेगळे काढतात, आणि उरलेले १२ ते १८ महिने तळ्यात टांगून वाढवतात. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंग येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था याचे रीतसर प्रशिक्षण देते. त्या पहिल्या १० दिवसांत काही मर होणारच, हे या कामातला कोणीही जाणकार सांगेल. ती मर कोणाच्या हिशेबात धरायची, एवढाच प्रश्न असतो. आमच्याकडे शस्त्रक्रिया होताच माल टेंपोतून थेट बांधावर उतरवण्यात आला, म्हणजे मर आमच्या तळ्यात व्हावी याची सोय आधीच झालेली होती.

माल उतरला त्या दिवशी अंगणात ताडपत्री अंथरून ‘लसीकरण’ झाले. कंपनीच्या एका मुलाने प्रत्येक शिंपल्याच्या फटीत सिरिंजने जांभळट द्रावणाचे थेंब सोडले आणि त्याचे दर शिंपल्यामागे वेगळे पैसे लावले. काम संपेपर्यंत त्या मुलाची बोटे तपकिरी झाली होती. पावसाळ्यात विहिरीत टाकण्याची पोटॅशियम परमॅंगनेटची पूड हाताला लागली की अगदी असेच डाग पडतात. द्रावण काहीही असो, शिंपल्याला लस देण्याच्या कल्पनेलाच आधार नाही. लस शरीराला प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक जंतूंना ओळखून रोखणारी प्रथिने, तयार करायला लावते, आणि शिंपले, कालवे, तिसऱ्या यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. त्यांच्या रक्तातील पेशी जंतूंना गिळून टाकतात, हाच त्यांचा मुख्य बचाव. अमेरिका आणि फ्रान्समध्ये कालवांची शेती रोगांनी पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झाली, तरीही तेथे लसीचा मार्ग निघाला नाही आणि रोगाला तोंड देणारी कालवे निवडून त्यांची पैदास करण्यावर भर द्यावा लागला.

पुढच्या आठवड्यात पाण्यावर फेस दिसू लागला. जाळ्या वर ओढल्या तेव्हा निम्म्याहून अधिक शिंपले तोंड वासून पडलेले होते. जिवंत शिंपल्याला बोट लावले की तो झटकन मिटतो. हे मिटत नव्हते, आतले मांस राखाडी होऊन कवचापासून सुटले होते आणि दुर्गंधी गोठ्यापर्यंत येत होती. कंपनीच्या प्रतिनिधीने मोबाइलवर फोटो मागवले आणि दुसऱ्याच दिवशी ‘प्रयोगशाळेचा अहवाल’ पाठवला. आमच्या तळ्यातील पाण्यामुळे शिंपल्यांना डर्मो रोगाची लागण झाली असून, करारानुसार रोगाने झालेल्या नुकसानीस शेतकरी स्वतः जबाबदार आहे, असे त्यात नमूद होते. सोबत फोनवर सूचना आली की मेलेले शिंपले ताबडतोब चुना टाकून पुरावेत, अन्यथा गुराढोरांना आणि माणसांना बाधा होईल. घाबरलेल्या घरातील माणसे अशा वेळी पुरावाच पुरून मोकळी होतात.

मंगळुरूच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या भाच्याने तो अहवाल वाचला आणि त्यातील खोटेपणा त्याच्या लगेच लक्षात आला. डर्मो हा समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यातील कालवांचा रोग आहे. परकिन्सस मरिनस नावाचा सूक्ष्म परजीवी तो घडवतो. १९५० मध्ये मेक्सिकोच्या आखातातील कालवांत त्याची प्रथम नोंद झाली. हा परजीवी उबदार, खारट पाण्यात फोफावतो आणि पाण्यातील क्षार घटले की त्याचा जोर ओसरतो. खानापूरच्या तळ्यात, जेथे पावसाखेरीज दुसरे पाणी येत नाही, तेथे त्याने शिंपले मारले हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. याच कुळातील परकिन्सस ओल्सेनाय हा परजीवी भारतात आढळला आहे, पण तो समुद्रातील मोती शिंपल्यांत. शिवाय या रोगांची माणसाला किंवा गुरांना बाधा होत नाही, तेव्हा पुरण्याच्या घाईला तेही कारण उरत नाही.

त्याहून मोठी गोष्ट तपासणीची. परकिन्सस ओळखण्याच्या जुन्या आणि रूढ पद्धतीत शिंपल्याच्या मांसाचा तुकडा थायोग्लायकोलेटच्या द्रावणात अंधारात ५ ते ७ दिवस ठेवतात, त्यानंतर त्यावर आयोडीन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या-काळ्या गोल पेशी दिसतात का ते पाहतात. जनुकीय चाचणी लवकर होते, परंतु तिलाही मांसाचा नमुना लागतोच. आमच्याकडून एकही शिंपला नेलेला नसताना केवळ फोटोवरून एका दिवसात आलेला अहवाल कसला असणार, हे वेगळे सांगायला नको. परकिन्सस मरिनस हा जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या नोंदयोग्य रोगांच्या यादीतील जंतू आहे. तो खरोखर आढळला असता तर कंपनीने शासनाला कळवायला हवे होते. तसे काहीही झाले नव्हते.

शिंपले कशाने मेले असावेत याचा अंदाज अवघड नाही. शस्त्रक्रियेची ओली जखम, उन्हातून झालेला प्रवास, आणि आमच्या तांबड्या जांभ्या जमिनीतील चुना कमी असलेले पाणी. कवचासाठी शिंपल्याला कॅल्शियम लागते, आम्लधर्मी पाण्यात कवच झिजते. तरीही करारापूर्वी पाण्याची तपासणी कोणी केली नाही. माल ‘हॅचरीतला’, म्हणजे पैदास केंद्रात तयार केलेला, असल्याचेही सांगितले होते. या शिंपल्यांची पिले सुरुवातीचा काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात, त्यामुळे ती तयार करणे कटकटीचे असते आणि आपल्याकडे विकला जाणारा माल बहुधा नदीतूनच गोळा केलेला असतो.

करार इंग्रजीत, पावती कन्नडमध्ये आणि आश्वासने मराठीत, असा सारा व्यवहार होता. पावती वकिलांना दाखवली तेव्हा कळले की तिच्यावर शिंपल्यांची विक्री कोठेच नाही, सगळी रक्कम ‘प्रशिक्षण आणि सल्ला शुल्क’ म्हणून दाखवली आहे. माल विकलाच नाही तर माल सदोष असल्याची तक्रार कशी करणार, असा कंपनीचा युक्तिवाद तयार होता. सुदैवाने वाहतुकीच्या चिठ्ठीवर नगांची संख्या होती आणि लसीचे पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यात गेले होते. या दोन गोष्टी आता आमच्या बाजूने उभ्या आहेत.

ज्यांच्याकडे अशीच मर सुरू झाली असेल त्यांनी कुजलेल्या शिंपल्यांच्या मागे लागू नये, कारण त्यातून निदान होत नाही. अर्धवट मिटणारे, मरणाला टेकलेले शिंपले निवडून काही बर्फावर ठेवावेत, काहींचे मांस फॉर्मॅलिनमध्ये आणि काहींचे अल्कोहोलमध्ये जपावे, आणि तळ्याचे पाणी बाटलीत भरून तारीख लिहून ठेवावी. मत्स्य खात्याच्या तालुका कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उपजीविकेसाठी स्वतः व्यवसाय करणारा शेतकरीही ग्राहक ठरतो, आणि कंपनीचे कार्यालय पुण्यात असो वा बेंगळुरूत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आमच्या बाबतीत बेळगावात, दाखल करता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि दीड वर्षाच्या परत खरेदीची वाट पाहण्यात तिचा बराच भाग निघून जातो.